थोरलीची चकती

२ मार्च

ती. आत्या,

पायांवर डोकं ठेवलं आहे असं समज. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, त्यामुळे वाकता येत नाही, आणि त्याला कारण तुझी लाडकी गाडी, थोरली.

गाडी परवा सुखरूप पोचली. म्हणजे ट्रकवाल्याने ती चौकात सुखरूप उतरवली, आणि तिथून दवाखान्यापर्यंतचा रस्ता मी देवाचं नाव घेत काढला. तू म्हणाली होतीस, स्टिअरिंग जरा मोकळं आहे. आत्या, जरा? मी चाक फिरवतो, थोरली त्यावर विचार करते, आणि मनात आलं तर वळते. सरळ रस्त्यावरसुद्धा ती बाजारात गेलेल्या तुझ्यासारखी दोन्हीकडची दुकानं बघत चालते. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की उतरल्यावर बोटं उघडेनात.

आता खरं काय ते सांगतो, नाहीतर तुला वास लागेलच. माझ्या दवाखान्याच्या खाली बेकरी आहे. खाली लोक गोड खातात आणि वर येऊन माझ्याकडे दात भरून घेतात, असा आमचा शेजारधर्म बरीच वर्षं सुखाने चालला आहे. बेकरी चालवणाऱ्या बाईंना त्यांच्या भावाने मोठ्या शहरात भागीदारीला बोलावलं आहे. महिनाअखेरपर्यंत त्यांना उत्तर द्यायचं आहे. हो म्हणाल्या तर इथलं दुकान बंद करून त्या जाणार. हे त्यांनी मला पाव बांधून देता देता सांगितलं, आणि मी म्हटलं, "अरे वा." आत्या, मी "अरे वा" म्हटलं. जिना चढताना प्रत्येक पायरीवर स्वतःला एकेक शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी धीर करून म्हटलं की माझ्याकडे आत्याची जुनी गाडी येते आहे, एखाद्या रविवारी समुद्रावर जाऊन येऊ. त्या चक्क हो म्हणाल्या. गाडी नीट चालते ना, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, थोडी दुरुस्ती आहे, मी स्वतःच करणार आहे. हे मी का म्हटलं ते विचारू नकोस. मी जन्मात कधी पंक्चरसुद्धा काढलेलं नाही. पण तोंडातून गेलं ते गेलं. तिसरा रविवार ठरला आहे. समुद्रावर पोचलो की मी त्यांना विचारणार आहे: जाऊ नका, माझ्याशी लग्न कराल का. त्याआधी समुद्रापर्यंत पोचायला हवं.

फोन करत होतो, पण तू उचलत नाहीस.

तुझा,
ठोंब्या


६ मार्च

चि. ठोंब्या,

शतायुषी हो, पण त्यासाठी पुन्हा गाडीत बसायच्या आधी हे पत्र पूर्ण वाच.

फोन मी मुद्दामच उचलत नाही. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करतोस आणि ठेवलास की सगळं विसरतोस. जन्मभर पोरांना भूगोल शिकवलाय मी. कानाने घेतलेलं दुसऱ्या कानाने जातं, लिहिलेलं निदान उशीखाली तरी राहतं.

"अरे वा" वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. तुझे वडील अगदी असेच. तुझी आई पसंत आहे का असं घरातल्यांनी विचारलं, तर माझा भाऊ म्हणाला, आज हवा छान आहे. शेवटी तिच्याकडे निरोप घेऊन मला जावं लागलं. तुझ्या वेळी मी येणार नाही, माझे गुडघे आता जिने चढत नाहीत.

आता कामाचं ऐक. गाडीखाली, पुढच्या चाकांच्या मध्ये एक आडवी नळी आहे. तिच्यात दातेरी दांडी असते, तिला रॅक म्हणतात. तू स्टिअरिंग फिरवलंस की त्याच्या टोकाचं छोटं दातेरी चक्र त्या दांडीला इकडे किंवा तिकडे सरकवतं, आणि दांडी पुढची चाकं वळवते. एवढंच आहे ते सगळं. नळीच्या दोन्ही टोकांना घड्याघड्यांचे रबरी भाते असतात. ते फाटले की तेल गळतं, धूळ आत शिरते आणि दाते झिजतात. भाते नवे घाल आणि आत तेल भर. ग्रीस भरू नकोस, ते एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतं आणि दाते कोरडे राहतात.

ग्रीसचं लिहिलं, कारण आमच्या समोर एक मिस्त्री राहायला आला आहे, तो ग्रीसच म्हणत होता. तसा जुनाच माणूस. शाळेच्या रस्त्यावर, एका गल्लीत आत, त्याचं गॅरेज होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आता मुलीने इथे आणून ठेवलंय. मी त्याला थोरलीचं पुस्तक नेऊन दाखवलं. त्याने पान बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला की पुस्तक लिहिणाऱ्यांना काय कळतं. संध्याकाळी स्वतःहून आला, तेलच बरोबर म्हणाला, आणि चहा पिऊन गेला. फार बोलतो.

गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नकोस, लाकडी ठोकळे लाव. मला भाचा एकच आहे. नळीवर एक झाकण आहे, त्याखाली मध्ये भोक असलेल्या, कड्यासारख्या पितळी चकत्या असतात. त्यांना काही करायच्या आधी मला लिही.

मुलगी कशी आहे? हसते का?

तुझी,
आत्या


१० मार्च

ती. आत्या,

रॅक बाहेर आली. मी काढली. मी, तुझ्या ठोंब्याने.

सुताराकडून ठोकळे आणले, खाली शिरलो आणि थोरलीने पहिल्याच झटक्यात माझ्या चष्म्यावर तेल सांडलं. भात्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. एक बोल्ट काही केल्या सुटेना. मग मी अक्कलदाढ काढतो तशी युक्ती केली. जोर लावून ओढायचं नाही, हळूहळू डोलवत राहायचं आणि त्याला वाटू द्यायचं की आपणच निघतोय. निघाला. तेव्हापासून मला चढलंय जरा, आधीच सांगून ठेवतो.

दुसरी सोय नव्हती, म्हणून दांडी वर नेऊन पेशंटच्या खुर्चीवर आडवी ठेवली. डोक्यावर दिवा, शेजारी पाण्याची नळी, हाताशी बारीक ब्रश आणि खरवडायची हत्यारं. वर्षानुवर्षांची घाण दाता-दातातून काढली. इतका गुणी पेशंट मला आजवर मिळाला नव्हता. तोंड मिटत नाही, हात धरत नाही, दुखेल का म्हणून विचारत नाही.

नेमक्या तेव्हाच त्या वर आल्या. कोपरापर्यंत पीठ होतं. खुर्चीकडे बघून म्हणाल्या, पेशंट कोण? मी म्हटलं, आत्याची थोरली. त्यांनी हात धुतले आणि मला दिवा धरून दिला, आणि मी घासत राहिलो. हसतात का विचारलंस. हसतात. आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात, आणि एकदा सुरू झालं की त्यांना लवकर थांबता येत नाही. मला फार आवडतं ते.

आता मुद्द्याचं. दात भरल्यावर चावा तपासायला आम्ही निळा कागद वापरतो. पेशंट चावला की दात जिथे टेकतो तिथे निळा ठिपका उठतो. तो कागद मी चक्र आणि दांडीच्या मध्ये धरला. टोकाकडच्या दात्यांवर ठिपके ठसठशीत उठले, मधल्यांवर जेमतेम. मधले दाते पार झिजलेत आणि टोकाचे अगदी कोरे आहेत, काल कारखान्यातून आल्यासारखे. हे असं कसं झालं?

झाकणाखाली दोन चकत्या निघाल्या. एक पातळ आहे आणि एक पोस्टकार्डाएवढी जाड. चकती काढली की दांडी चक्रावर जास्त दाबली जाते आणि स्टिअरिंगचं हलणं कमी होतं. दोन्ही काढून टाकू का? रविवार जवळ आला आहे, लवकर लिही.

तुझा,
ठोंब्या


१४ मार्च

चि. ठोंब्या,

दोन्ही काढू नकोस. हे आधीच लिहिलं, कारण तू पहिली ओळ वाचून धावत सुटतोस.

असं कसं झालं, विचारतोस. थोरली जन्मभर सरळ गेली म्हणून. घर ते शाळा, शाळा ते घर, मध्ये एक वळण नाही. मधलेच दाते रोज घासले गेले. टोकाचे लागायचे ते फक्त फाटकातून गाडी आत घेताना. आता तू झिजलेल्या दात्यांच्या मापाने आवळलंस, तर सरळ जाताना सगळं झकास वाटेल, आणि पूर्ण वळवलंस की कोऱ्या, उंच दात्यांवर येऊन दांडी अडकून बसेल. तेव्हा पातळ चकती काढ, जाड राहू दे. मध्ये थोडं हललं तर हलू दे. रस्त्यावर न्यायच्या आधी पुढची चाकं उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघ.

हे सगळं मिस्त्रींनी सांगितलं. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. फक्त रॅकचं, बेकरीचं नाही. बरं, बेकरीचंही. निळ्या कागदाचं त्यांना मनातून फार कौतुक वाटलं, पण तोंडाने म्हणाले, दातवाल्याने दातच बघावेत. मग टोकाचे दाते कोरे असल्याचं वाचलं, तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "बाई, तेव्हा किती वेळा सांगितलं होतं मी. कधीतरी आमच्या गल्लीत वळत जा म्हणून."

मी म्हटलं, चहा निवतोय.

ते असो. तू मात्र समुद्र समुद्र करत बसू नकोस. बोलायची वेळ माणसाच्या सोयीने येत नाही. आली की बोलून मोकळं व्हावं.

तुझी,
आत्या


१७ मार्च

ती. आत्या,

घाईत लिहितो. पत्र मिळालं, मिस्त्रींना नमस्कार सांग.

पण खरं सांगू? दात हलत असला तर मी पेशंटला "थोडं हललं तर हलू दे" असं म्हणत नाही. आमच्या धंद्यात जे हलतं ते आजारी. पातळ चकती काढून पाहिली, स्टिअरिंग अजून नखभर हलत होतं. मी जेवायला बसलो, पण लक्ष लागेना. उठलो आणि जाडही काढली. आता असं घट्ट बसलं आहे की नाव घ्यायला नको. थोरली गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि तशीच मागे घेत आणली. बाणासारखी सरळ जाते. टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघायचं राहिलं, कारण सुतार ठोकळे घेऊन गेला. पण काळजी करू नकोस.

पातळ चकती बेसिनखाली कुठेतरी गेली. जाड खिशात ठेवली आहे, तेवढाच शकुन. रविवार परवा आहे.

तुझा,
ठोंब्या


२० मार्च
(कार्ड)

ठोंब्या,

जाड चकती आत घाल. समुद्रावर जाऊ नकोस. गेलासच तर वळू नकोस. मिस्त्री डोक्याला हात लावून पायरीवर बसले आहेत.

आत्या

ता.क. रविवार काल होऊन गेला हे मला कळतं. तरी लिहिल्याशिवाय राहवेना.


२३ मार्च

ती. आत्या,

कार्ड आज मिळालं. वळलो.

सगळं सांगतो. सकाळी त्या पावांची टोपली घेऊन आल्या, डोक्याला पिवळा रुमाल होता. टोपली मागच्या सीटवर ठेवली आणि पुढे बसल्या. थोरली निघाली ती काय निघाली. स्टिअरिंग नखभरसुद्धा डगमगेना. त्या म्हणाल्या, छान चालते की गाडी, खरंच तुम्ही दुरुस्त केलीत? मी मान अशी डोलावली की जणू रोज दोन-चार करतो. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. आमचं चौकात होतं.

त्या चौकात मधोमध एक छोटं कारंजं आहे. त्याला अर्धा वळसा घातला की समोर समुद्राचा रस्ता. मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, थोरली झोकात वळली, समुद्राचा रस्ता आला, आणि मी स्टिअरिंग सरळ करायला गेलो तर ते येईना. ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं, जागचं हलेना. समुद्राचा रस्ता गेला. आम्ही आलो तो रस्ता आला आणि तोही गेला. पुन्हा समुद्राचा रस्ता आला.

चौकात एक पोलीस होता. त्याला सांगावं म्हणून त्याच्यासमोर गाडी थांबवली, तर त्याने शिट्टी फुंकली आणि हाताने पुढे जा, पुढे जा केलं. आता कायद्याचा माणूस सांगतोय म्हटल्यावर गेलो पुढे. पुढे म्हणजे गोल. आजूबाजूच्या दुकानांतले लोक पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. टोपली कलंडली आणि पाव मागच्या सीटवर एका बाजूला जाऊन गोळा झाले. माझी पाठ घामाने भिजली.

त्या शांतपणे म्हणाल्या, समुद्र याच बाजूला आहे का? मग मी सगळं ओकलो. चकत्या, तुझं पत्र, हलणारे दात, पंक्चर न काढता येणं, सगळं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संपलं. आता ही बाई उद्याच भावाकडे जाते. आणि समुद्र काही येणार नव्हता, तेव्हा तुझंच वाक्य आठवून म्हटलं, "मला तिकडे गेल्यावर तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं."

"इथेच विचारा," त्या म्हणाल्या. "आपण कुठे जातोय?"

विचारलं. नेमकं काय बोललो ते आठवत नाही. मध्येच शिट्टी वाजली म्हणून पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागलं. त्यांनी आधी मागे वळून टोपली सरळ केली. कारंज्याला अख्खी फेरी झाली, आत्या, आणि तेवढ्यात मी म्हातारा झालो.

मग म्हणाल्या, "भावाला मी मागच्याच आठवड्यात नाही कळवलंय. तुम्ही त्या लोखंडाचे दात घासत होतात ना, तेव्हाच ठरवलं. म्हटलं, हा माणूस आहे तिथे राहायला हरकत नाही. आता विचारतो कधी, तेवढं बघत होते."

घाम पुसायला खिशात हात घातला तर रुमालाऐवजी चकती हाताला लागली. तीच दिली. स्टिअरिंग धरायची तशीही गरज नव्हती. बोटात फार सैल झाली, अंगठ्यात बसली. त्यांनी हात लांब धरून पाहिला, मग बाह्या सारल्या, मला म्हणाल्या, सरका, आणि पीठ मळून कमावलेल्या त्या हातांनी स्टिअरिंगला असा हिसका दिला की कडकन आवाज होऊन ते सुटलं. थोरली सरळ झाली. तोंड घराकडे होतं म्हणून घरी आलो. पोलिसाने सलाम केला. समुद्र आम्ही पाहिलाच नाही. बेकरीच्या दारात गाडी लावून दुपारपर्यंत आत बसून पाव खाल्ले आणि हसलो. मला अजूनही खरं वाटत नाही. पेशंटच्या तोंडात आरसा घालून मी एकटाच हसतो आणि ते घाबरतात.

आता अडचण एकच आहे. जाड चकती आत गेल्याशिवाय थोरली वळणार नाही, आणि ती चकती त्यांच्या अंगठ्यात आहे. आज सकाळी मागून पाहिली. त्या म्हणाल्या, दिलेली वस्तू परत मागायची तुमच्याकडे रीत आहे का? मिस्त्रींकडे तशी दुसरी मिळेल का, विचारशील?

तुझा,
ठोंब्या


२७ मार्च

चि. ठोंब्या, आणि त्याच्या खांद्यावरून हे वाचणाऱ्या मुली,

दोघांना पोटभर आशीर्वाद. मुली, तू कशी आहेस ते मला तू चकती परत दिली नाहीस त्यावरून कळलं. अजिबात देऊ नकोस.

पत्र मी मिस्त्रींच्या पायरीवर बसून मोठ्याने वाचलं. पोलिसापर्यंत आले आणि मला पुढे वाचता येईना, म्हणून त्यांनी घेतलं. त्यांनाही येईना. चष्मा काढून डोळे पुसत बसले. त्यांची मुलगी धावत बाहेर आली, तिला वाटलं कुणी गेलं की काय. मी इतकी कधी हसले होते ते आठवायला लागले तर आठवलंच नाही. रडूही आलं थोडं. तुझे वडील असते तर म्हणाले असते, हवा छान आहे.

मग मिस्त्रींनी माळ्यावरून गॅरेजचा जुना डबा काढला. दुपारभर एकेक चकती घासून, उजेडात धरून पाहत होते. मी दिवा धरला. काम करता करता बोलायचे थांबले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. खाली मान घालून म्हणाले, "बाई, मी तेव्हा विचारणार होतो. तुमची गाडी कधी वळलीच नाही. आता विचारू का?"

मी म्हटलं, आधी भाच्याचं मार्गी लागू दे. ते म्हणाले, भाच्याचं गाडी गोल फिरताना जमलं, आपण तर एका जागी बसलोय.

तर लग्नाला आम्ही येतो आहोत. आम्ही म्हणजे कोण ते, ठोंब्या, तू तिला विचार, तुला स्वतःला उशिरा कळेल. गाडी घेऊन स्टेशनवर ये, आणि या खेपेला आधी टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघ. तेल घालायला विसरू नकोस. आम्हाला समुद्रावर जायचं आहे.

डब्यातून त्या मापाच्या दोन चकत्या निघाल्या. एक या पाकिटात आहे. दुसरी मागू नकोस, मिळणार नाही. माझ्या अंगठ्यात ती जरा सैल होते, पण मिस्त्री म्हणतात, थोडं हललं तर हलू दे.

तुझी,
आत्या